‘ली’चे ग्रंथ : आधी पायऱ्या मोजा, अर्थ मग

प्रश्न थोडक्यात असा आहे : कन्फ्युशियस परंपरेतले विधींचे प्राचीन ग्रंथ नेमके कोणते, ते कोणत्या क्रमाने वाचावेत, आणि पूर्व आशियाच्या जगण्यावर त्यांचा खरंच काही परिणाम झाला, की ‘थोरांचा मान राखा’ एवढंच त्यांचं सार?

शेवटचं आधी घेतो. ‘थोरांचा मान राखा’ हे सांगायला एवढे ग्रंथ लागत नाहीत. त्यांची ताकद तपशिलात आहे : कोणी कोणत्या पायरीवर उभं राहायचं, सुतकाच्या कापडात किती धागे, मामासाठी किती महिने आणि मावशीसाठी किती. हेच तपशील पुढे फौजदारी कायद्यात गेले, राजधान्यांच्या नकाशात गेले, आणि कोरियात तर त्यांच्यावरून सत्ताधारी गट बदलला. म्हणून वचनं गोळा करत वाचलं तर हाती काही लागत नाही. कृती वाचावी लागते.

ग्रंथ तीन. ‘ली’ला मराठीत एक प्रतिशब्द नाही, विधी, आचार, मर्यादा हे सगळं त्यात येतं. ‘रीतभात’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा.

‘यीली’ हा सतरा प्रकरणांचा कोरडा प्रयोगग्रंथ. टोपी घालण्याचा विधी, लग्न, भेटीगाठी, गावची मद्यपंगत, धनुर्विद्येचा सोहळा, दूताचं स्वागत, अंत्यविधी, पितरांना नैवेद्य. बहुतेक विधी ‘शी’ या खालच्या दर्जाच्या अधिकारी वर्गासाठी लिहिलेले आहेत. इ.स.पू. २१३ मध्ये छिन राजवटीने ग्रंथ जाळले, त्यानंतर हान काळात गाओतांग शंग या विद्वानाकडून ही सतरा प्रकरणं पुढे आली असं परंपरा सांगते. १९५९ मध्ये कान्सू प्रांतातल्या वूवेइ इथे एका हानकालीन थडग्यात या ग्रंथाच्या लाकडी आणि बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्यामुळे पाठाची जुनी प्रत प्रत्यक्ष तपासता येते.

‘लीजी’ म्हणजे ‘ली’वरची टिपणं. ४९ प्रकरणं, संकलन ताइ शंगच्या नावावर, इ.स.पू. पहिलं शतक. हा संग्रह आहे, एका हाताचा ग्रंथ नाही, आणि इथे पुष्कळ वाचक चुकतात. ‘गुरू म्हणाले’ अशी सुरुवात दिसली की कन्फ्युशियसचं वचन म्हणून वहीत उतरवतात. त्यातलं पुष्कळसं नंतरच्या शिष्यपरंपरांचं आहे. पण सगळं उशिराचं आहे असंही समजू नका : १९९३ मध्ये हूपेइ प्रांतात क्वोत्येन इथल्या थडग्यात, इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या बांबूपट्ट्यांवर ‘काळी वस्त्रं’ हे लीजीतलं प्रकरण थोड्या वेगळ्या क्रमाने मिळालं. म्हणजे हा निवाडा प्रकरणागणिक करावा लागतो.

‘चौली’ हा तिसरा. छिनच्या आधीच्या चौ राजवटीची म्हणून सांगितलेली सहा खात्यांची सरकारी रचना : स्वर्ग, पृथ्वी आणि चार ऋतू अशा नावांची. त्यातलं हिवाळ्याचं खातं हरवलं, म्हणून तिथे कारागिरांच्या कामाची एक स्वतंत्र नोंदवही जोडली गेली. चौ काळात कारभार खरोखर असाच चालत होता असं धरून वाचणं ही दुसरी नेहमीची चूक. ही आदर्श मांडणी आहे, आणि सुधारणा करू पाहणाऱ्यांना तीच आवडली. इ.स. ९ मध्ये गादी बळकावणाऱ्या वांग मांगने तिचाच आधार घेतला, अकराव्या शतकात वांग आन्शी या सुधारक मंत्र्यानेही. दोघांचेही प्रयोग फसले, तरी ग्रंथाची पत गेली नाही.

आता वाचायचं कसं. बहुतेक जण लीजीपासून सुरू करतात, कारण त्यात गोष्टी आहेत, संवाद आहेत, संगीतावर सुंदर प्रकरण आहे. माझा सल्ला उलटा आहे. यीलीचं पहिलं प्रकरण घ्या आणि त्याच्यासोबत लीजीचं ४३ वं. जोड्या आयत्या लावलेल्याच आहेत : लीजीतली ४३ ते ४८ ही प्रकरणं यीलीतल्या टोपी, लग्न, गावची पंगत, धनुर्विद्या, राजाची मेजवानी आणि दूतभेट यांचा अर्थ सांगतात. कृती एकीकडे, भाष्य दुसरीकडे. आधी कागदावर घराचा नकाशा काढा. वर उत्तर, खाली दक्षिण. उत्तरेला दक्षिणाभिमुख दालन, पुढे अंगण, दालनावर चढायला दोन जिने : पूर्वेचा यजमानाचा, पश्चिमेचा पाहुण्याचा. हा नकाशा समोर नसेल तर यीलीच्या दुसऱ्याच पानावर वाट चुकते. दालनात बसलेल्याचं तोंड दक्षिणेला, म्हणून ‘डावं’ म्हणजे पूर्व, हेही कोपऱ्यात लिहून ठेवा.

टोपीचा विधी जवळून पाहू. मुलगा वीस वर्षांचा झाला की तो प्रौढ ठरतो. पितरांच्या देवळाच्या दाराशी यारो गवताच्या काड्यांनी कौल लावून दिवस ठरवतात. कौल वाईट आला तर पुढचा दिवस धरून पुन्हा लावतात. तीन दिवस आधी मुख्य पाहुणा कोण याचाही कौल घेतात. त्या दिवशी पूर्वेच्या खोलीत पश्चिम भिंतीलगत कपडे मांडायचे, गळे पूर्वेकडे. तीन टोप्या तीन करंड्यांत घेऊन तिघे जण पश्चिमेच्या जिन्याखाली उभे राहतात. थोरल्या मुलाची जागा पूर्वेच्या जिन्याच्या वर, जरा उत्तरेला.

पाहुणा हात धुतो आणि टोपी घ्यायला जिना उतरतो. पहिली काळ्या कापडाची टोपी, तिच्यासाठी एक पायरी. दुसरी कातड्याची, दोन पायऱ्या. तिसरी विधीची मानाची टोपी, तीन पायऱ्या. शीच्या घराचा ओटा तीन चिनी फूट उंच धरतात, म्हणजे तिसऱ्या टोपीला पाहुणा थेट अंगणात उतरतो. टोपी जितकी मानाची तितकं खाली जायचं. मूळ ग्रंथात याची मीमांसा एका शब्दाने नाही, नुसते आकडे आहेत.

मग मुलगा वाळवलेल्या मांसाचा तुकडा घेऊन आईकडे जातो. आई वाकून तो घेते, मुलगा वाकतो, आई पुन्हा वाकते. आई मुलाला वाकते! त्यानंतर पाहुणा त्याला व्यवहारातलं नाव देतो, आणि तिथून पुढे त्याचं मूळ नाव सरसकट कोणी घेत नाही. आता लीजीचं ४३ वं प्रकरण उघडा : थोरल्याला पूर्वेच्या, म्हणजे यजमानाच्या जिन्यावर टोपी घालतात, कारण बापाची जागा पुढे तोच घेणार आहे. बाकीच्या मुलांना, हे यीलीच सांगतं, खोलीबाहेर घालतात. वारसाहक्काचा अख्खा कायदा दोन जागांच्या फरकात बसवलेला आहे. एकदा हे दिसलं की पुढची प्रकरणं तुम्हीच उलगडू लागता.

लग्नावर थोडक्यात. सहा टप्पे, त्यांतल्या पाचांत वराकडून हंस जातो. फक्त मुख्य आहेराच्या वेळी हंसाऐवजी रेशीम आणि हरणाच्या कातड्यांची जोडी. वाजंत्री नाही. लीजी म्हणतं, मुलगी देणाऱ्या घरी तीन रात्री दिवा विझत नाही, ताटातुटीच्या विचाराने. सून आणणाऱ्या घरी तीन दिवस वाद्य वाजत नाही, कारण मुलगा आता आईबापांची जागा घेणार. हंस लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि आता सुतक. ग्रंथांचा खरा जीव यीलीच्या अकराव्या प्रकरणात आहे. ‘सुतक’ शब्द सोयीसाठी वापरतोय. यात विटाळाची कल्पना मध्यवर्ती नाही, दुःखाची मोजणी आहे. पाच इयत्ता : तीन वर्षं, एक वर्ष (याला पोटभेद आहेत), नऊ महिने, पाच महिने, तीन महिने. प्रत्येकीचं ताग-अंबाडीसारख्या धाग्याचं कापड वेगळं. मोजमापाचा एकक ‘शंग’, म्हणजे पन्ह्यात ८० उभे धागे. बापासाठी कापड तीन शंगांचं, म्हणजे २४० धागे. दरबारी पोशाखाचं पंधरा शंगांचं, १२०० धागे. हानकालीन पन्हा साधारण अर्धा मीटर धरला तर बापाच्या सुतकात एका सेंटिमीटरला पाच धागेही येत नाहीत. गोणपाटच म्हणा ना. शिवाय बापासाठी कडा दुमडून शिवायच्या नाहीत, कापलेल्या तशाच सोडायच्या, आईसाठी दुमडायच्या. काठी बापासाठी बांबूची, आईसाठी तासलेल्या लाकडाची, उंची छातीपर्यंत, मुळाकडचं टोक खाली. पहिले तीन दिवस अन्न नाही, मग सकाळी एक माप तांदळाची पेज आणि संध्याकाळी एक. भिंतीला टेकवलेल्या खोपटात गवतावर झोपायचं, उशाला ढेकूळ.

‘तीन वर्षं’ म्हणजे ३६ महिने नव्हेत. लीजी स्पष्ट सांगतं : २५ व्या महिन्यात संपतं, तिसरं वर्ष लागलं की झालं. या ग्रंथांचा भाष्यकार चंग श्वान (१२७–२००) याने २७ महिने धरले, आणि सरकारी नियमात बहुतेक तेच टिकले. कुठे २५ आणि कुठे २७ वाचलंत तर छपाईची चूक समजू नका.

नात्यांचा हिशेब मराठी वाचकाला लवकर कळतो, कारण आपल्याकडेही चुलता, मामा, आत्या, मावशी यांना वेगळे शब्द आहेत. इंग्रजी भाषांतरात सगळेच ‘अंकल’ आणि ‘आंट’ होऊन हिशेब बुडतो. चुलत्यासाठी एक वर्ष. सख्ख्या चुलतभावासाठी नऊ महिने. आईच्या आईवडिलांसाठी पाच. मावशीसाठी पाच, पण मामासाठी तीनच! मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ सगळे तीन. लेक लग्न होऊन गेली की बापासाठीचं तिचं सुतक तीन वर्षांवरून एका वर्षावर येतं, कारण मोठं सुतक आता नवऱ्यासाठी. वहिनी आणि दीर यांना एकमेकांचं सुतकच नाही. लीजी म्हणतं, अंतर राखावं म्हणून. एका छपराखाली राहणाऱ्यांना हे बोचणारच. ६४० मध्ये थांग सम्राट ताइत्सुंगने दरबारात विषय काढला आणि मामाचं सुतक मावशीइतकं पाच महिने झालं, वहिनी-दिरांनाही पाच महिने मिळाले.

आईचं प्रकरण याहून जड. यीलीप्रमाणे बाप हयात असताना आई गेली तर फक्त एक वर्ष. ६७४ मध्ये वू त्सथ्येन, जी पुढे स्वतः गादीवर बसली, तिने तीन वर्षांची मागणी लावून धरली. १३७४ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने आईला बापाच्या बरोबरीला, न शिवलेल्या कडांच्या सुतकाला आणून बसवलं. निमित्त होतं त्याच्या एका लाडक्या राणीच्या मृत्यूचं. अधिकाऱ्यांनी यीलीवर बोट ठेवलं आणि सम्राट भडकला. ग्रंथ अढळ आणि आचारही अढळ, ही समजूत इथेच सोडून द्यावी. ग्रंथाला कोणी हात लावत नव्हतं, महिने मात्र बदलत होते.

हे कायद्यात कसं शिरलं तेही पाहा. २६८ च्या चिन घराण्याच्या (हे छिन नव्हे) संहितेपासून नात्यातल्या गुन्ह्याची शिक्षा सुतकाच्या इयत्तेवरून ठरू लागली. मोठ्या नातलगावर हात उचलला तर जितकं नातं जवळचं तितकी शिक्षा जबर. मोठ्याने लहानावर उचलला तर उलट. ६५३ च्या थांग संहितेत आईबापांच्या किंवा नवऱ्याच्या मृत्यूची खबर दडवली तर दोन हजार ली (हे अंतराचं चिनी माप, विधींचा ‘ली’ वेगळा) दूर हद्दपारी, मुदतीआधी सुतकाचे कपडे उतरवले किंवा गाणं-बजावणं केलं तर तीन वर्षं सक्तमजुरी, सुतकात मूल झालं तर एक वर्ष. आईबाप गेले की अधिकाऱ्याने पद सोडून २७ महिने घरी बसायचं. १५७७ मध्ये मुख्य मंत्री चांग च्युचंगचे वडील वारले आणि सम्राटाने त्याला कामावर ठेवून घेतलं, तेव्हा विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांना दरबारात फटके बसले.

इथे एक वाक्य हमखास चुकीचं वापरलं जातं : लीजीतलं ‘ली सामान्य जनांपर्यंत उतरत नाही, शिक्षा मोठ्या अधिकाऱ्यांपर्यंत चढत नाही’. त्यावरून साध्या माणसाशी या ग्रंथांचा संबंधच नव्हता असं सांगतात. प्राचीन काळापुरतं ते बरंचसं खरं. बाराव्या शतकानंतर नाही, आणि त्याचं कारण कन्फ्युशियस परंपरेतला विचारवंत चू शी (११३०–१२००).

चू शीच्या नावावरची ‘घरगुती विधी’ ही पुस्तिका म्हणजे आपल्याकडच्या धर्मसिंधूसारखं काम : अवाढव्य मूळ ग्रंथ बाजूला ठेवून घरात लागेल तेवढंच. पाच भाग : पितरांची खोली, टोपी, लग्न, मृत्यू, नैवेद्य. लग्नाचे सहा टप्पे तिने तीनवर आणले आणि जिवंत हंस मिळाला नाही तर लाकडाचा कोरावा अशी सवलत दिली. कोरियातल्या पारंपरिक लग्नात दिसणारा लाकडी हंस तो हाच. पितराच्या नावाची लाकडी पाटी कशी करावी याचं माप आधीच्या छंग यी या विचारवंताकडून घेतलं आहे : बैठक चार त्सुन (चिनी इंच) चौरस, कारण ऋतू चार, उंची बारा त्सुन, महिने बारा, रुंदी तीस फन, महिन्याचे दिवस तीस, जाडी बारा फन, दिवसाचे प्रहर बारा. दहा फनांचा एक त्सुन. सुताराला हातात देता येईल असं हे शास्त्र आहे, आणि म्हणूनच ते पसरलं. अशा पाट्या घरात चार पिढ्यांच्या : बाप, आजा, पणजा, खापरपणजा, प्रत्येकाची पत्नीसह.

पाटी ही पुढे जीवनमरणाची वस्तू झाली. १७४२ मध्ये पोपने चिनी ख्रिश्चनांना हे विधी कायमचे बंद केले (बंदी उठली १९३९ मध्ये). त्या बंदीला अनुसरून १७९१ मध्ये कोरियात युन जी-चुंग या कॅथलिकाने घरच्या पाट्या जाळल्या, आणि त्याचा शिरच्छेद झाला.

कोरियाने हे ग्रंथ चीनपेक्षा कसोशीने पाळले असं म्हणायला हरकत नाही. १६५९ चा वाद बघा. राजा ह्योजोंग वारला. त्याची सावत्र आई हयात होती, वयाने त्याच्याहून लहान. तिने किती सुतक धरायचं? थोरल्या मुलासाठी तीन वर्षं, इतरांसाठी एक. ह्योजोंग दुसरा मुलगा. थोरला युवराज आधीच वारलेला, पण त्याचे वंशज होते. यीलीवरच्या थांगकालीन भाष्यात दोन्ही बाजूंना आधार सापडतो : थोरला गेला तर पट्टराणीचा दुसरा मुलगा ‘थोरला’ होतो असं एका जागी, आणि ‘रक्ताचा, पण मुख्य धारेचा नाही’ अशा वारसाला तीन वर्षं नाहीत असं दुसऱ्या जागी. सोंग सी-योलचा पश्चिम गट म्हणाला एक वर्ष; युन ह्यू आणि हो मोक यांचा दक्षिण गट म्हणाला तीन. खरा प्रश्न महिन्यांचा नव्हताच : ह्योजोंग मुख्य धारेचा नसेल तर गादी कोणाची? त्या वेळी राष्ट्रीय संहितेकडे बोट दाखवून एक वर्ष ठरलं, कारण तिथे कोणत्याही मुलासाठी एकच वर्ष होतं. सगळ्यांची सुटका झाली. पण १६७४ मध्ये ह्योजोंगची राणी वारली, सासू अजून हयात, आणि संहितेत थोरल्या सुनेसाठी एक वर्ष, इतरींसाठी नऊ महिने. आता पळवाट नव्हती. पश्चिम गट नऊ महिन्यांच्या बाजूने होता; तेव्हाच्या राजाने, ह्योजोंगच्या मुलाने, एक वर्ष ठरवलं, पश्चिम गटाची सत्ता गेली, सोंग सी-योल हद्दपार झाला.

चौलीचा ठसा जमिनीवर दिसतो. कारागिरांच्या त्या जोडलेल्या भागात राजधानीचं माप आहे : नऊ ली चौरस, प्रत्येक बाजूला तीन दरवाजे, नऊ उभे रस्ते, नऊ आडवे, डावीकडे पितरांचं देऊळ, उजवीकडे भूमी-धान्याची वेदी, पुढे दरबार, मागे बाजार. सोलमध्ये राजवाड्याच्या पूर्वेला जोंगम्यो हे पितरांचं देऊळ, पश्चिमेला साजिक ही वेदी. बीजिंगमध्ये निषिद्ध नगरीच्या पुढे तशीच जोडी. नकाशा उत्तर वर धरून पाहणाऱ्याला देऊळ उजवीकडे दिसतं आणि तो ग्रंथ चुकला असं समजतो. वर कोपऱ्यात लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी. जपानमध्ये मात्र घरगुती विधी फारसे रुजले नाहीत, अंत्यविधी बौद्ध मठांकडेच राहिले.

‘समान आडनावाची बायको करू नये’ हे लीजीचंच वाक्य. दक्षिण कोरियाच्या दिवाणी कायद्यात समान आडनाव आणि समान मूळगाव असलेल्यांच्या विवाहाला बंदी होती. संविधान न्यायालयाने ती १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २००५ मध्ये कायदा बदलला. सगोत्र विवाहाचा वाद ठाऊक असलेल्याला वेगळं समजवायला नको.

प्रतींबद्दल. इंग्रजीतून वाचणार असाल तर जेम्स लेगने भाषांतरित केलेलं लीजी १८८५ चं, ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेतले २७ आणि २८ हे खंड. जुन्या ग्रंथालयात धर्मसूत्रांसाठी ही माला असतेच. पुढचे २९ आणि ३० खंड गृह्यसूत्रांचे आहेत, शेजारी ठेवून वाचायला मजा येते. यीलीचं स्टीलचं भाषांतर १९१७ चं, जुनाट पण पुरं. दोन्हींत चिनी नावांची लेखनपद्धती जुनी आहे, त्यामुळे ‘ली की’ आणि ‘लीजी’ एकच हे ध्यानात असू द्या.

आज काय उरलंय, तर कोरियातली सणाची पितृपूजा. त्यातही जे ‘ग्रंथोक्त’ म्हणून सांगतात ते तपासून घ्यावं. ‘लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला’ हा घरोघरी ऐकू येणारा नियम विधीग्रंथांत नाही. २०२२ मध्ये सोलच्या संगग्युनग्वान या कन्फ्युशियस संस्थेने ते जाहीरच केलं, तळलेले पदार्थ करायलाच हवेत असं नाही हेही सांगितलं, आणि आधार दिला लीजीतल्या संगीतप्रकरणाचा : ‘मोठा विधी सोपाच असतो’. लाकडी पाटी आता थोड्याच घरांत. बाकीचे साधारण ६ सेंटिमीटर रुंद आणि २२ सेंटिमीटर उंच कागदावर उभ्या ओळीत पितराची ओळख लिहितात. सरकारी पद असेल तर पद लिहायचं. नसेल तर, बाप शेतकरी असो की दुकानदार, त्या जागी लिहितात ‘विद्यार्थी’. पूजा झाली की कागद जाळून टाकतात.